डायरी पण लिहायची, ब्लॉग पण लिहायचा, पण एकातलं दुसऱ्यात सांडायचं नाही

मी सांगलीत मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात दिवाणजी आहे, आता वहीऐवजी टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर बसतो एवढाच फरक. डायरी कॉलेजपासून लिहितोय आणि ब्लॉग २००९ पासून, म्हणजे तेव्हा मराठी ब्लॉगांचं नुसतं पेव फुटलं होतं आणि मी पण त्या गर्दीतला एक. त्यातले बरेचसे पुढं फेसबुकवर गेले, काही थांबले, मी आपला महिन्यातून दोनदा लिहीत राहिलो. हल्ली नवीन लिहायला लागलेली पोरं विचारतात की दादा, डायरी लिहिली की ब्लॉगला काही उरत नाही आणि ब्लॉग लिहिला की डायरी कोरी राहते, मग करायचं काय. तर हे माझं उत्तर, जरा लांबलंय, चहा घेऊन बसा.

आधी माझी चूक सांगतो म्हणजे बाकीचं कशासाठी सांगतोय ते कळेल. २०११ ला आमच्या नात्यात एका मुलीची सुपारी फुटली आणि दोन महिन्यांत लग्न मोडलं. मला फार वाईट वाटलं होतं, रात्री बसलो आणि एका दमात सगळं लिहून काढलं, आणि तेव्हा मी डायरी बंद करून सगळं ब्लॉगवरच लिहायचो, कारण म्हटलं दोनदा कोण लिहीत बसणार. नावं बदलली, मिरजेचं कराड केलं, मला वाटलं झालं काम. पण दारातला पारिजातक तसाच ठेवला, पांढरी स्कूटी तशीच ठेवली आणि आत्या जे वाक्य बोलली होती ते शब्दाला शब्द तसंच. चार दिवसांत लिंक सगळ्या भावकीत फिरली. त्या दिवाळीला आत्या भाऊबीजेला आली नाही. आमचे आप्पा, तेही जन्मभर दिवाणजीच, चिडले वगैरे नाहीत, ओवाळणीचं ताट तसंच राहिलं होतं तिकडं बघत एवढंच म्हणाले, "रोजकीर्द कधी गिऱ्हाइकाला दाखवतो का रे आपण?"

आता ज्यांना जुनं हिशेबाचं काम माहीत नाही त्यांच्यासाठी. रोजकीर्द म्हणजे दिवसभरात जे जे झालं ते झालं त्या क्रमानं लिहायची वही. सकाळी हमालाला दिलेले पैसे, मग एखाद्या शेतकऱ्याची उचल, मग चहाचे वीस रुपये, मग मोठा सौदा, सगळं एकाखाली एक, लहानमोठं काही बघायचं नाही. आणि खतावणी म्हणजे त्यातली एकेक नोंद उचलून ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवायची वही. शेतकरी आला की त्याला खतावणीतलं त्याचं पान दाखवायचं, त्याची पट्टी, म्हणजे त्याच्या मालाच्या विक्रीच्या हिशेबाचा कागद, त्याच्या हातात द्यायची, पण रोजकीर्द उघडून त्याच्यापुढं ठेवायची नाही कारण त्यात बाकी दहा जणांचं पण असतं. गंमत म्हणजे कॉमर्सच्या पुस्तकात रोजकीर्दीला जर्नल म्हणतात आणि रोजकीर्दीतून खतावणीत नोंद चढवण्याला पोस्टिंग. जर्नल आणि पोस्ट, दोन्ही शब्द आमच्या धंद्यात आधीपासून होते बघा, मीच कॉमर्स शिकून ते विसरलो होतो.

तेव्हापासून माझा हिशेब एवढाच, की डायरी ही रोजकीर्द आणि ब्लॉग ही खतावणी. डायरीत सगळं यायला पाहिजे आणि ब्लॉगवर त्यातलं निवडून, वेगळं मांडून, आणि उशिरा. रोजकीर्दच नसेल तर खतावणी खोटी होते आणि रोजकीर्दच बाजारात नेली तर घर मोडतं. आता हे प्रत्यक्षात कसं करायचं ते सांगतो.

दोघांची जागा वेगळी ठेवा

हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. एकाच ॲपमध्ये दोन्ही करू नका. ब्लॉगरच्या ड्राफ्टमध्ये डायरी लिहिणारी माणसं मी बघितलीत, ड्राफ्ट कुणाला दिसत नाही हे खरं आहे, पण तो पब्लिशचा बटण तिथंच वर असतो आणि रात्री साडेअकराला झोपेत अंगठा कुठं पडेल सांगता येत नाही. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तो बटण समोर दिसत असला की आपण वाचणाऱ्याला डोळ्यापुढं ठेवूनच लिहितो, वाक्य नीटनेटकं करतो, स्वतःला जरा बरं दाखवतो. मग ती डायरी राहत नाही.

मी डायरी वहीत लिहितो, दोनशे पानी साधी वही, आणि ब्लॉग लॅपटॉपवर. तुम्हाला हातानं लिहायचा कंटाळा असेल तर फोनवर लिहा काही हरकत नाही, पण ॲप वेगळं पाहिजे आणि त्याला लॉक पाहिजे. जीबोर्ड या फोनच्या कीबोर्डमध्ये मराठी व्हॉइस टायपिंग आता बरं चालतं, गाडी लावून पाच मिनिटं बोललात तरी पानभर होतं, फक्त घरच्यांच्या समोर बोलू नका. गूगल डॉक्सवर डायरी ठेवणार असाल तर एक बघा, ती फाइल कुणाला शेअर केलीय का आणि "लिंक असलेला कुणीही बघू शकतो" असं चुकून झालंय का ते महिन्यातून एकदा तपासा. आणि घरच्या सामायिक कॉम्प्युटरवर जीमेल उघडं ठेवून यायचं नाही, हे सांगायला नको पण सांगतोच, आमच्याकडं झालंय.

डायरीत काय लिहायचं

काहीही. खरंच काहीही. पोरं विचारतात की आज काही घडलंच नाही तर काय लिहू, तर मग खर्च लिहा, भाजी काय होती ते लिहा. माझ्या पानाच्या वरच्या ओळीत तारीख, वार आणि दोन आकडे असतात, एक राजापुरी हळदीचा त्या दिवसाचा भाव आणि दुसरा पावसाळ्यात आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी. सांगलीत राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको, ४० फुटाला इशारा आणि ४५ ला धोका, जुलै-ऑगस्टमध्ये आम्ही क्रिकेटच्या स्कोअरपेक्षा जास्त वेळा हेच विचारतो. हे दोन आकडे लिहिले की हात चालू होतो, मग पुढचं आपोआप येतं. तुम्ही साताऱ्याकडचे असाल तर पाऊस लिहा, नोकरीवाले असाल तर बस किती उशिरा आली ते लिहा. पहिली ओळ डोकं न लावता लिहिता आली पाहिजे एवढंच.

डायरीत शुद्धलेखन बघायचं नाही. मी डायरीत लई, व्हय, न्हाई असंच लिहितो, आमच्या घरात जसं बोलतात तसं. ब्लॉगवर जरा कपडे घालून लिहितो. हा फरक मुद्दाम ठेवा, कारण भाषा बदलली की आपल्यालाच कळतं आत्ता आपण कुठं बसलोय, घरात का चौकात.

रागाचं, लाजेचं, पैशाचं, आजारपणाचं, सगळं इथं यायला पाहिजे. अमेरिकेत पेनेबेकर म्हणून मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी १९८६ साली एक अभ्यास छापला, कॉलेजच्या पोरांना लागोपाठ चार दिवस रोज पंधरा मिनिटं आपल्या मनातलं सगळ्यात जड काहीतरी लिहायला सांगितलं. ज्यांनी घटना आणि त्याबद्दलची भावना दोन्ही लिहिलं ती पोरं पुढच्या काही महिन्यांत दवाखान्यात कमी वेळा गेली. हे सगळे सांगतात. पण त्यातलीच दुसरी गोष्ट फारसं कुणी सांगत नाही की लिहिल्यावर लगेच त्यांना बरं वाटलं नव्हतं, उलट त्या वेळेपुरतं मन आणखी खाली गेलं होतं. मला हे वाचून माझं २०११ चं गणित सुटलं. जड लिहून झाल्या झाल्या आपण सगळ्यात हळवे असतो आणि नेमकं तेव्हाच मी पब्लिश दाबलं, कारण कुणीतरी "खरंय रे" म्हणावं असं वाटत होतं. तर त्या वेळी लिंक कुणाला पाठवू नका, फार तर मित्राला फोन करा.

पेव उघडल्यावर लगेच उतरायचं नाही

आमच्याजवळ हरिपूरला हळद साठवायची पेवं होती, जमिनीत खणलेले खोल खड्डे, तिथली मातीच अशी की हळद वर्षानुवर्षं टिकायची, कीड लागायची नाही. २००५ च्या पुरात त्यातली बरीच गेली. जुनी माणसं सांगतात की पेवाचं तोंड उघडल्यावर लगेच कुणी आत उतरायचं नाही, आतली हवा कोंडलेली असते, माणूस गुदमरून मरतो. आधी तोंड उघडं ठेवायचं, हवा खेळू द्यायची, कंदील सोडून बघायचा, तो विझला नाही तरच माणूस उतरवायचा. डायरीतून ब्लॉगवर काही आणायचं असेल तर अगदी हाच नियम आहे.

मी असं करतो. डायरी लिहिताना एखाद्या नोंदीत काही दम वाटला तर समासात नुसता "ख" लिहितो, ख म्हणजे खतावणी. त्याच दिवशी त्याचं काही करायचं नाही. महिना संपला की पुढच्या रविवारी निवांत बसून सगळे ख बघतो. गंमत अशी की त्या दिवशी जे फार भारी वाटलं होतं त्यातलं निम्म्याहून जास्त महिन्यानं बघितलं की नुसती चिडचिड असते, आणि ज्यावर ख नव्हता त्या कुठल्यातरी फालतू नोंदीत लेख सापडतो. एकदा मी नुसतं लिहिलं होतं की "तोलाईदार आज चष्मा विसरला, पोरानं काटा वाचून दाखवला", त्यावरून माझा आजवरचा सगळ्यात जास्त वाचला गेलेला लेख झाला. घरातल्या माणसांबद्दल असेल तर महिना पुरत नाही, मी वर्ष थांबतो. मृत्यूबद्दल असेल तर आणखी.

मग लिहायला बसताना वही बंद करायची. हे फार लोक करत नाहीत, वही शेजारी उघडी ठेवून टाइप करत बसतात. तसं केलं की सगळे तपशील आपसूक येतात, नको ते पण. वही बंद करून आठवणीतनं लिहिलं की जे लेखाला लागतं तेवढंच वर येतं. एखादी तारीख किंवा आकडा हवाच असेल तर शेवटी उघडून बघा.

छोट्या गावात नाव बदलून काही होत नाही

पुण्या-मुंबईत बसून लिहिणाऱ्याला हे लागू नसेल, आपल्याला आहे. सांगली काय सातारा काय, इथं वाचक म्हणजे अनोळखी माणूस नसतो, तो तुमच्या मावसभावाचा वर्गमित्र असतो. नाव बदललं, गाव बदललं तरी दोन खुणा जुळल्या की माणूस ओळखू येतो. माझ्या केसमध्ये पारिजातक आणि स्कूटी. म्हणून लेख झाला की मी एक काम करतो, ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याच्या शेजारच्या घरातली बाई हे वाचतेय असं समजून परत वाचतो. तिला कळेल का कोण ते? कळत असेल तर दोनच मार्ग, एकतर त्या माणसाला आधी वाचायला द्यायचं नाहीतर लेख टाकायचा नाही. तिसरा मार्ग म्हणजे चार माणसांचं मिळून एक माणूस करायचा, पण ते जमायला हात बसावा लागतो, आणि मग ती गोष्ट झाली, तेव्हा ती खरी घडली असं सांगायचं नाही.

परवानगी मागायला लाज वाटते, मला पण वाटायची. आता सरळ विचारतो, "तुमच्याबद्दल चार ओळी लिहिल्यात, वाचून सांगा, नको म्हणालात तर काढतो." आजवर एकदाच नकार आला. बाकीच्यांनी उलट जास्त माहिती दिली. आईनं तर माझ्याच लेखातली चूक काढली की तेव्हा घरात स्टोव्ह नव्हता, चूल होती.

आणि कुणाशी भांडण असेल, ऑफिसात, सोसायटीत, दुकानात, तर ते डायरीत पोटभर लिहा आणि ब्लॉगवर नाव घेऊन लिहू नका. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली त्यात बदनामीचं कलम ३५६ आहे, आधी आयपीसीचं ४९९-५०० होतं तेच, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, आता समाजसेवेची शिक्षा पण आहे. लोकांना वाटतं की "मी खरं तेच लिहिलं" म्हटलं की सुटलो, तर नुसतं खरं असून भागत नाही, ते लोकांच्या हिताचं होतं हेही दाखवावं लागतं. मी काही वकील नाही, पण दिवाणजी आहे, कागदावर सही करायच्या आधी दोनदा वाचायची सवय आहे.

लहान पोरांचं वेगळं बोलतो. पोरांचे फोटो, शाळेचं नाव, मार्क, आजार हे ब्लॉगवर नको. ती मोठी होणार आहेत आणि त्यांचं नाव टाकून कुणीतरी सर्च करणार आहे. माझ्या पोरीचं बोबडं बोलणं मी वहीभर लिहून ठेवलंय, ती वही तिची.

एकदा गेलं की गेलं

ब्लॉगवरनं पोस्ट डिलीट करता येते म्हणून बिनधास्त टाकणारे खूप आहेत. डिलीट केली तरी वर्डप्रेसवर ज्यांनी सबस्क्राइब केलंय त्यांच्या मेलमध्ये ती तशीच राहते. इंटरनेट अर्काइव्हचं वेबॅक मशिन आहे त्यात जुनी पानं साठून असतात. आणि आपल्याकडं सगळ्यात पक्कं अर्काइव्ह म्हणजे भावकीतला व्हॉट्सॲप ग्रुप, स्क्रीनशॉट कधी मरत नाही. माझी ती पोस्ट लिंक फिरल्याचं कळल्यावर मी दुसऱ्याच दिवशी काढली होती, उपयोग शून्य.

म्हणून पब्लिश दाबायच्या ऐवजी शेड्यूल वापरा, ब्लॉगर आणि वर्डप्रेस दोन्हीत आहे. लेख झाला की मी पुढच्या रविवारी सकाळी सातची वेळ लावून ठेवतो. मधले सात-आठ दिवस तो लेख आपल्या डोक्यात फिरत राहतो, भाजी आणताना एखादं वाक्य खुपतं, मग घरी येऊन ते काढतो. आठवडाभरात काहीच खुपलं नाही तर जाऊ दे.

फिरायला गेल्यावर तिथनं लेख टाकू नका, घर बंद आहे हे गावाला कळवायची गरज नाही. कासला फुलं बघायला सप्टेंबरमध्ये गेलात तर दसऱ्याला लिहा, फुलं काही रागावत नाहीत. फोनच्या कॅमेऱ्यात लोकेशन चालू असेल तर फोटोच्या फाइलमध्येच ठिकाण नोंदलं जातं, कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन ते बंद करा, आणि जुना फोटो टाकायचा असेल तर त्याचा स्क्रीनशॉट काढून तो टाका, त्यात ते ठिकाण येत नाही. घराच्या आतले फोटो टाकताना मागं भिंतीवर काय आहे तेही बघा. आमच्या एका मित्रानं पुस्तकांच्या कपाटाचा फोटो टाकला होता, कपाटाला लाइट बिल अडकवलेलं, ग्राहक क्रमांकासकट.

टोपणनावानं लिहायचं असेल तर त्यासाठी वेगळं जीमेल काढा. त्याच जीमेलवर दुसरा ब्लॉग काढला तर ब्लॉगरच्या प्रोफाइलवर तुमचे बाकीचे ब्लॉग पण दिसू शकतात, तिथं जाऊन कुठला दाखवायचा ते निवडावं लागतं. पण टोपणनावावर फार भरवसा ठेवू नका. आपली बोलायची लकब नाव बदललं तरी बदलत नाही. माझा टोपणनावाचा ब्लॉग दुकानातल्या हमालानं तीन लेखांत ओळखला.

काही जण मधला मार्ग काढतात, ब्लॉग प्रायव्हेट करून ठराविक लोकांनाच वाचायला देतात. ब्लॉगरवर तशी सेटिंग आहे आणि वर्डप्रेसवर एखाद्या पोस्टला पासवर्ड पण लावता येतो. मला ते फारसं पटत नाही. घरच्यांसाठी सहलीचे फोटो, आजीच्या पाककृती, असलं ठेवायला ठीक आहे. पण डायरी म्हणून नको, कारण दहा माणसं वाचणार असली तरी ते वाचणारेच, आणि त्यातला अकरावा कधी आला ते कळत पण नाही.

उलटा रोग

इथवर डायरीतलं ब्लॉगवर सांडू नये म्हणून सांगितलं. पण ब्लॉग जरा चालायला लागला, चार लोक छान छान म्हणायला लागले की उलटं व्हायला लागतं, ब्लॉग डायरीत शिरतो. हे जास्त वाईट आहे कारण हे कळत नाही. मला २०१६-१७ च्या सुमाराला झालं होतं. डायरी वाचताना लक्षात आलं की मी स्वतःच्याच वहीत "तुम्हाला सांगतो" असं लिहिलंय. कुणाला सांगत होतो? प्रत्येक नोंद शेवटी काहीतरी शहाणपणाच्या वाक्यावर संपत होती. आप्पांच्या दवाखान्याचा खर्च, त्या वर्षी आमची किती ओढाताण झाली होती, त्याबद्दल वहीत एक अक्षर नाही, आणि पहिल्या पावसावर मात्र तीन पानं.

असं झालं तर काय करायचं. मी पंधरा दिवस ब्लॉग बंद ठेवला, लॅपटॉप उघडलाच नाही. डायरीत रोज फक्त गोष्टी लिहायच्या ठरवल्या, वाटलं-बिटलं काही नाही. कोण आलं, किती पैसे गेले, काय खाल्लं. "भडंग संपलं. गॅस बुक केला. साहेबांशी वाजलं, चूक माझी होती." असं. आठ दिवसांत हात जागेवर आला. दुसरा उपाय म्हणजे पान लिहून फाडून टाकायचं, आधीच ठरवून. फाडायचं आहे म्हटल्यावर माणूस कुणासाठी सजवत नाही. ब्लॉगचे आकडे, किती व्ह्यू आले ते, डायरी लिहायच्या आधी बघायचे नाहीत हा नियम मी तेव्हापासून पाळतोय, कधीकधी मोडतो, मोडला की त्या दिवसाचं पान बेकार होतं हे दिसतं.

वेळेचं म्हणाल तर डायरीला रात्री जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं आणि ब्लॉगला महिन्यातले दोन रविवार, बस. सौद्यांचा सीझन असतो तेव्हा ब्लॉगला सुट्टी, डायरीला नाही. दोन्हीत एकच झेपणार असेल त्या महिन्यात डायरी लिहा. ब्लॉग बंद पडला तर चार लोक विचारतील आणि विसरतील.

सांभाळायचं कसं, सांगलीकरांनी हे नीट वाचा

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आम्ही मारुती चौकाजवळ तळमजल्यावर भाड्यानं राहत होतो. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आम्ही मित्राकडं विश्रामबागला गेलो ते जाताना गॅस सिलेंडर आणि कागदपत्रं माळ्यावर टाकून, वह्या लोखंडी कपाटात राहिल्या. त्या पुरात नगर वाचनालयाची हजारो पुस्तकं भिजून गेली तिथं माझ्या वह्यांचं काय. पण परत आल्यावर एक गोष्ट कळली ती सांगतो, बॉलपेननं लिहिलेली पानं चिकटली, पिवळी पडली, पण वाचता आली, आणि मधली दोन वर्षं मी हौसेनं जेल पेन वापरला होता ती सगळी पानं नुसती निळी झाली. बॉलपेनची शाई तेलकट असते, पाण्यात पसरत नाही. माझा तो जेल पेन पाण्याच्या शाईचा होता. तेव्हापासून पाच रुपयाचा बॉलपेन.

वही भिजलीच तर ओढून पानं सोडवू नका, फाटतात. पंख्याखाली उभी ठेवा, मधे मधे कोरे कागद घाला आणि ते बदलत राहा. एकदम जास्त वह्या असतील आणि फ्रीजर चालू असलेलं कुणाचं घर असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये टाका, बुरशी थांबते, मग सवडीनं एकेक काढून वाळवा. मित्राच्या बायकोनं आमच्या चार वह्या मटारशेजारी तीन आठवडे ठेवल्या होत्या.

फोननं पानांचे फोटो काढून ठेवा पण ते फोटो आपोआप कुठं चढतात ते बघा. गूगल फोटोजमध्ये घरातल्या माणसाशी शेअरिंग लावलेलं असेल तर तुमची डायरी बायकोच्या फोनवर आठवणी म्हणून वर येऊ शकते. हसू नका.

ब्लॉगचा बॅकअप वर्षातून एकदा घ्या, मी दिवाळीत पाडव्याला घेतो, नव्या वह्यांची पूजा त्याच दिवशी असते म्हणून लक्षात राहतं. ब्लॉगरच्या सेटिंगमध्ये त्याचा ऑप्शन आहे, गूगल टेकआउटमधनं पण मिळतो. फोटो वेगळे जपून ठेवा. आणि ज्या जीमेलवर ब्लॉग आहे ते अधनंमधनं उघडत जा, दोन वर्षं हातच लावला नाही तर गूगल ते अकाउंट काढून टाकू शकतं. युनिकोडच्या आधी श्रीलिपी वगैरे फॉन्टमध्ये काही टाइप करून ठेवलं असेल तर ते आत्ताच कन्व्हर्टरमधनं काढून घ्या, तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर उघडलं तर नुसती चिन्हं दिसतात.

शेवटचं म्हणजे आपल्या माघारी याचं काय. गूगलच्या अकाउंटला इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर म्हणून सोय आहे, तीन ते अठरा महिने अकाउंट बंद पडलं तर कुणाला कळवायचं, काय द्यायचं ते आधी लिहून ठेवता येतं. ब्लॉगसाठी मी पोरीचं नाव टाकलंय. वह्यांचं बायकोला सांगून ठेवलंय, निळ्या कव्हरच्या ठेवायच्या, तपकिरी कव्हरच्या न वाचता बंबात घालायच्या. ती म्हणाली, बंब तर आपण पुरानंतर भंगारात दिला. म्हणजे आता त्या तपकिरी वह्यांचं काहीतरी बघायला पाहिजे.